नोंद क्रमांक दोनशे अठरा

घड्याळजी आपलं भिंग हातात धरत नाही. डोळ्याच्या खोबणीत बसवतो आणि भुवईनं दाबून ठेवतो. दोन्ही हात मोकळे राहतात.

ऋग्वेद आंबवकर, वय चार महिने. फोटोत नऊवारी लुगडं, नाकात नथ.

मोजणी खात्यात एकदा पडलेला सर्व्हे नंबर बदलत नाही. मालक मरतात, विकतात, भांडतात. नंबर तिथंच असतो.

१०४७. नावाची जागा रिकामी.

नरसोबाच्या वाडीवरून कुरुंदवाडला जाताना पुलावर वारा असतो. एम-एटीवर मागे बसलेल्या बाईनं पदर आधीच खोचून घ्यावा.

आई वारली १९४१ साली. मुलगा जन्मला १९४६ साली.

हे सगळं २००३ सालच्या पितृपंधरवड्यात, पाच दिवसांत माझ्या टेबलावर आलं. टेबल मिरजेतल्या माझ्या दुकानातलं. त्यावर एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि आंबवकर घराण्याचे सातशे फॉर्म.

•

पहिला आला तो पुण्याहून फोन.

‘मॅडम, आमच्या ऋग्वेदला नथ का घातलीय?’

‘कोण बोलतंय?’

‘निखिल आंबवकर. कुलवृत्तांताची कच्ची प्रत मिळाली. पान एकशे बारा बघा. आमच्या मुलाच्या नावावर कुणीतरी आजीबाई आहेत. घरात सगळे हसतायत, पण माझी सासू हसत नाहीये.’

मी पान एकशे बारा काढलं. साठीची बाई, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, कॅमेऱ्याकडे न बघता थोडं वर बघणारी. खाली लिहिलं होतं: चि. ऋग्वेद निखिल, जन्म मे २००३.

‘दुरुस्त करते,’ मी म्हटलं.

‘आजीबाई छान आहेत हो,’ निखिल म्हणाला. ‘फक्त आमच्या नाहीत.’

फोन ठेवला आणि कॉम्प्युटरमध्ये ऋग्वेदची नोंद उघडली. कोपऱ्यात छोट्या चौकटीत त्याचा क्रमांक होता: २१८. मग फोटोंचा खोका काढला. २१८ लिहिलेल्या पाकिटात तोच फोटो. पाकिटावर अक्षर माझं, तारीख मागच्या वर्षीची. ऋग्वेद तेव्हा जन्मलाच नव्हता.

काय झालं असणार ते मला तिथंच, खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. मला माझं काम येतं. त्यामुळं माझी चूकही मला लवकर ओळखू येते.

•

सॉफ्टवेअर परदेशी होतं. कुणा आंबवकरानं अमेरिकेहून सीडीवर पाठवलेलं. त्याला आपली नावं कळत नव्हती, आडनाव-पाडनाव कळत नव्हतं, थोरली पाती धाकटी पाती कळत नव्हती. त्याला फक्त क्रमांक कळायचे. माणूस भरला की ते त्याला एक क्रमांक द्यायचं आणि पुढं त्या माणसाचं नाव बदला, गाव बदला, लग्न लावा, क्रमांक तोच. कोण मोठा, कोण मानाचा, हे त्यात नव्हतं. ज्याचा फॉर्म आधी, त्याचा क्रमांक आधी. घराण्याचा मूळपुरुष चौपन्न होता. एक क्रमांक होता आबासाहेब आंबवकरांचा, कारण पहिला फॉर्म त्यांनीच भरला होता. ते समितीचे अध्यक्ष. ‘मूळपुरुषाला एक नंबर द्यायला हवा होता,’ असं ते दर आठवड्याला म्हणत, आणि बदलू का विचारलं की ‘राहू दे आता’ म्हणत.

फॉर्म आला की मी एक छापील पोच पाठवायचे: आपल्या अमुक नातेवाइकांची नोंद झाली, नोंद क्रमांक अमुक. फोटोच्या पाठीवर तोच क्रमांक, पाकिटावर तोच, सूचीत तोच.

जून महिन्यात एका दुपारी मी त्या सॉफ्टवेअरला दुहेरी नोंदी शोधायला सांगितलं. त्यानं चौदा जोड्या काढल्या. एकच बाई सुनेच्या फॉर्मवर एकदा आणि पुतण्याच्या फॉर्मवर एकदा आलेली, असं व्हायचं. प्रत्येक जोडीला ते विचारी: ही एकच व्यक्ती आहे का? मी ‘हो’ दाबत गेले. नववी जोडी होती १३१ आणि २१८. दोन्ही उमा. दोघींचा नवरा त्र्यंबक. दोघींच्या माहेरच्या नावाचा रकाना रिकामा. हो.

दोनशे अठरा पुसली गेली. तिचा मुलगा एकशे एकतीसच्या पदरात गेला. आणि मोकळे झालेले चौदा क्रमांक सॉफ्टवेअरनं पुढं आलेल्या चौदा माणसांना वाटून टाकले. बाकी तेरांचे फोटो नव्हते, म्हणून कळलं नाही. त्या तेरा जोड्या मी नंतर एकेक करून तपासल्या. त्या खरोखर एकच होत्या.

•

साडेबाराला दारात एम-एटी थांबली. पन्नाशी उलटलेला, काटकुळा माणूस आत आला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक काळं भिंग.

‘तुम्ही मैथिली करमरकर?’

‘हो.’

‘मी दिगंबर त्र्यंबक आंबवकर. इचलकरंजीला घड्याळाचं दुकान आहे. एक गणित सुटत नाही म्हणून आलो.’ त्यांनी कच्च्या प्रतीचं पान टेबलावर ठेवलं आणि बोट टेकवलं. ‘माझी आई एक्केचाळीस साली गेली असं तुम्ही छापलंय. मी सेहेचाळीसचा. मधली पाच वर्षं मी कुठं होतो?’

‘चूक माझी आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी पानावरचं बोट उचललं. मग खुर्ची ओढून बसले.

‘असं लगेच कबूल करू नका हो. तीस किलोमीटर भांडण जुळवत आलोय.’

‘मग भांडा. मी चहा सांगते.’

‘सांगा. पण चहानं मी मऊ होत नाही.’

मी त्यांना पडदा दाखवला. दोन उमा, एक त्र्यंबक. त्यांनी मान हलवली.

‘त्र्यंबकाची बायको उमाच असणार, असं आमच्या आजोबांचं. पहिली आली, तिचं नाव उमा ठेवलं. ती गेली. तीन वर्षांनी माझी आई आली. ताटात तांदूळ पसरले आणि पुन्हा तेच नाव काढलं. दुसरं शोधायचे कष्ट कशाला?’

‘आणि मी दोघींना एक केलं.’

‘तुम्ही जूनमध्ये केलंत. घरच्यांनी चव्वेचाळीसमध्येच केलं होतं.’ त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून चौघडी घातलेला कागद. माझी पोच. ‘आपल्या मातोश्रींची नोंद झाली. नोंद क्रमांक २१८.’ घड्या पडून पडून कागद लुगड्यासारखा मऊ झाला होता.

‘हे जपून ठेवलंत?’

‘दुकानात काचेखाली होतं. मैथिलीताई, माझ्या आईच्या नावाचा दुसरा कागद नाही. जन्माचा नाही, शाळेचा नाही, सात-बाऱ्यावर नाही. मेल्याचा दाखला आहे, त्यावरही उमा. हा पहिलाच कागद, ज्यावर ती एकटी आहे.’

चहा आला. तो त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

‘आता पंधरवडा चालू आहे,’ ते म्हणाले. ‘अमावास्येला मी तर्पण करतो. गुरुजी एकेकाचं नाव विचारतात. आईचं नाव? उमा. तिला पाणी. मग म्हणतात, सापत्नमाता आहे? आहे. नाव? उमा. दरवर्षी ते थांबतात आणि विचारतात, दोघींचं एकच? मी म्हणतो, एकच. दोन ओंजळी सोडतो. कुठली कुणाला पोचते, सांगा तुम्ही.’

त्यांनी बशी बाजूला सारली.

‘पुस्तक कधी छापताय?’

‘सोमवारी प्रेसला जातंय. दसऱ्याला संमेलनात प्रकाशन.’

‘म्हणजे आज गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवार. त्यात माझ्या आईला तिची जागा हवी. तिच्या स्वतःच्या नावानं. एवढंच आहे बघा माझं भांडण.’

•

आबासाहेब रोज चारला येत. तोवर दिगंबर आंबवकर माझे दिगूकाका झाले होते. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, हातात रूळ असल्यासारखे सरळ. त्यांनी उभ्याउभ्या सगळं ऐकलं.

‘सोपं आहे. ताई, नवा नंबर घ्या. एक हजार शेहेचाळीस. नाव टाका: उमा, कंसात दुसरी.’

‘ती दुसरी नव्हती,’ दिगूकाका म्हणाले. ‘माझी तर पहिलीच.’

‘दिगंबर, वाकड्यात शिरू नकोस. पानं लागलीत.’

‘मी शिरलोच नाही. मला पुसलंय, मी सांगायला आलोय.’

‘तुला कुठं पुसलं? तुझ्या आईला.’

‘आबासाहेब, आई पुसल्यावर माझं काय उरतं?’

आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. त्यांना सीमारेषा सरळ हवी असे, एवढंच.

‘बरं. माहेरचं नाव सांग. रकाना आहे, त्यात घालू. उमा, माहेरचं नाव अमुक. वेगळी होईल की नाही? फॉर्मवर का नाही लिहिलंस?’

‘फॉर्म सुनेनं भरला. तिला ठाऊक नव्हतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.’

मग त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. चांदीचा टाक, बोटाच्या पेराएवढा. पुढं बाईची आकृती, घासून जवळजवळ सपाट झालेली. पूर्वी दुसरेपणाची बायको गळ्यात असा टाक घालायची. पहिल्या बायकोचा. सवतीला देव्हाऱ्यात न बसवता गळ्यात ठेवायचं, म्हणजे ती त्रास देत नाही, असं समजत.

‘आईच्या गळ्यात बेचाळीस वर्षं होता. ती गेल्यावर काढला तेव्हा मागची बाजू पहिल्यांदा दिसली.’ त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. मला ते डोळ्यात बसवता येईना. शेवटी त्यांनीच बसवून दिलं. ‘भुवई खाली. हां. आता बघा.’

चांदीवर सुईसारख्या टोकदार वस्तूनं ओरखडलेली दोन अक्षरं. पहिल्या अक्षराचा काना तिरका गेलेला.

‘गोदी,’ मी वाचलं.

‘गोदावरी,’ दिगूकाका म्हणाले. ‘माझ्या आईचं माहेरचं नाव. सासरी चोरून लिहून ठेवलेलं. सतरा वर्षं मी तर्पणाला तोंडानं उमा म्हणतो आणि मनात गोदावरी म्हणतो. माझी माझ्यापुरती सोय.’

आबासाहेबांनीही भिंग लावून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, ‘घाला. गोदावरी.’

मी टाइप केलं. गो-दा-व-री. आणि हात थांबला.

‘काय झालं?’

‘दिगूकाका, आईंच्या माहेरचं कुणी आहे?’

‘धाकटी मावशी आहे. अक्कू मावशी, कुरुंदवाडला. त्र्याहत्तर वर्षांची. का?’

‘मला तिची सही लागेल.’

‘सही कशाला? हा पुरावा पुरत नाही?’

‘ज्या टाकावर सवत आहे त्याच टाकावर कुणी स्वतःचं नाव लिहील का? मी नसतं लिहिलं. जूनमध्ये मी एकदा न विचारता हो म्हटलंय. आता विचारून म्हणेन.’

दिगूकाकांचा चेहरा पडला. आबासाहेब मात्र एकदम माझ्या बाजूला झाले.

‘बरोबर बोलतायत त्या. कागदावर शंका आली की जागेवर जायचं. आमच्याकडं हाच नियम होता. दिगंबर, जा घेऊन त्यांना.’

‘आणि नंबर?’ दिगूकाकांनी विचारलं.

‘नंबर शेहेचाळीस. एक हजार शेहेचाळीस. ते झालं आता.’

दिगूकाकांनी माझी पोच घडी घालून पाकिटात ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, ‘नंबराचं मी बघते.’

•

शनिवारी सकाळी निघालो. माझ्या दुकानाला कुलूप, फॉर्म माझ्या पिशवीत, मी एम-एटीवर मागे. नरसोबाच्या वाडीला ते थांबले.

‘दर्शन?’

‘बासुंदी. मावशीकडे रिकाम्या हातानं गेलं की ती दार उघडण्याआधी हात बघते.’

पुलावर वारा होता. दिगूकाका ओरडून बोलत होते आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. एक नीट ऐकू आलं: ‘तिला विचारायचं कधी सुचलंच नाही हो. आपल्या आईचं नाव काय, असं कोण कुणाला विचारतं?’

अक्कू मावशी ओट्यावर घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. आधी त्यांनी हात बघितला.

‘वाडीची का? ठेव आत. ही कोण? सून बदललीस?’

‘मावशी! या मिरजेच्या. आपल्या घराण्याचं पुस्तक करतायत.’

‘तुमच्या घराण्याचं. आमचं कोण करतंय.’ त्यांनी मला बाजूला बसवलं आणि मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या. ‘बोलताना हात चालू दे. नाव काय गं तुझं?’

‘मैथिली.’

‘ते सासरचं. माहेरचं?’

मी शेंग मोडली. दोर काढला. ‘नलिनी.’

दिगूकाका वळून बघायला लागले. दीड दिवसाच्या ओळखीत त्यांना हे कळायचं कारण नव्हतं. माझ्या दुकानात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

‘नलिनी. बरं. काय हवंय तुला, नलिनी?’

‘तुमच्या बहिणीचं नाव. लग्नाआधीचं.’

‘मी सांगतो की,’ दिगूकाकांनी घाईनं टाक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. ‘गोदावरी. नुसतं हो म्हण, मावशी. आणि इथं सही कर.’

मावशींनी टाक उलटा केला. त्यांना भिंग लागलं नाही. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

‘गोदी तुझी आई कशी असेल रे? गोदी ती आधीची.’

मी शेंगा मोडत राहिले, कारण त्यांनी सांगितलं होतं हात चालू दे.

‘आधीची उमा,’ दिगूकाका शेवटी म्हणाले.

‘उमा तुमच्या घरात. तिच्या आईच्या घरात गोदी. तिची आई आली होती नव्या सुनेला बघायला. तशी रीत होती, लेकीच्या जागी आलेली म्हणून हिची ओटी भरायची, हिलाच लेक मानायची. मी पाठराखीण गेले होते, चौदा वर्षांची. सगळं डोळ्यांपुढं आहे. तुझ्या आईनं त्या बाईला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तुमच्या लेकीला घरी काय हाक मारायचात? ती बाई म्हणाली, गोदी. आणि जी रडायला लागली. बाळंतपणात गेली होती पोरगी. मुलगी झाली होती, तीही राहिली नाही. त्या संध्याकाळी तुझी आई परसात बसून गोधडीच्या दाभणानं हे कोरत होती. मी म्हटलं, अगं, कोरायचंच तर आपलं कोर. सवतीचं कशाला?’

‘मग?’ मी विचारलं.

‘म्हणाली, माझं मला ठाऊक आहे. तिचं कोण लक्षात ठेवणार?’

दिगूकाकांनी टाक परत घेतला नाही. तो मावशींच्याच हातात होता.

‘मावशी,’ ते म्हणाले. ‘सतरा वर्षं मी मनात गोदावरी म्हणून पाणी सोडतोय. आई समजून.’

‘मग पोचलं की. जिला कुणी देत नव्हतं, तिला पोचलं. तुझी आई काय रागावेल? तिनंच तर पत्ता लिहून ठेवला होता.’

‘आणि आईचं? आईचं नाव काय?’

‘चंपावती.’

‘चंपावती,’ त्यांनी म्हणून पाहिलं. पाहुण्याचं नाव घ्यावं तसं.

‘असं नाही कुणी म्हणायचं.’

‘मग कसं म्हणायचे?’

मावशींनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या, ओट्याच्या कडेला गेल्या, आणि समोरच्या परसाकडं तोंड करून, नदीपलीकडं ऐकू जाईल अशी हाक मारली:

‘चंपेऽऽ!’

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली आणि विचारू लागली, काय झालं, कोण पाहिजे.

‘कुणी नाही,’ मावशी म्हणाल्या. ‘भाच्याला दाखवत होते.’

सही त्यांनी मोडीत केली. आबासाहेबांना मोडी वाचता येत होती.

•

सोमवारी सकाळी आबासाहेब माझ्याआधी दुकानाच्या पायरीवर उभे होते. मी त्यांना फॉर्म दिला. त्यांनी सही वाचली, मग दोन्ही नावं वाचली, आणि घसा खाकरला.

‘एकशे एकतीसला गोदावरी. आणि ही चंपावती, एक हजार शेहेचाळीस.’

‘दोनशे अठरा,’ मी म्हटलं.

‘ताई, दोनशे अठरा निखिलच्या मुलाचा आहे आता. नंबरात काय ठेवलंय?’

‘आबासाहेब, तुमच्या खात्यात एका शेताचा सर्व्हे नंबर काढून कुणी दुसऱ्या शेताला दिला असता, तर तुम्ही काय केलं असतं?’

‘त्याला निलंबित केलं असतं.’

‘मग मला करा. नाहीतर नंबर परत देऊ द्या.’

ते थोडे हसले. शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, ‘पोटहिस्सा पाडता येतो. दोनशे अठराचा एक, दोनशे अठराचा दोन.’

‘माणसाचा पोटहिस्सा होत नाही. दोघींचं एक आपण एकदा करून बसलोय. तिचा फोटो, तिचा फॉर्म, तिची पोच, सगळ्यावर २१८ आहे. तिचं नाव ठाऊक नव्हतं तेव्हाही तिच्याकडं हा क्रमांक होता. तो तिचाच.’

आबासाहेबांनी माझ्या शेजारी स्टूल ओढलं. ‘करा. मी बघतो कसं करताय.’

असं केलं. आधी पुण्याला फोन लावला. ‘निखिल, तुझ्या मुलाला मी थोडा वेळ पुसणार आहे. चालेल?’

‘किती वेळ?’

‘मिनिटभर.’

‘पुसा. झोपलाय, त्याला कळणार नाही.’

ऋग्वेदला पुसलं. २१८ मोकळा झाला. सॉफ्टवेअरचा स्वभाव मला आता पाठ होता. पहिला मोकळा क्रमांक ते पुढच्या माणसाला देतं. मी नवी नोंद उघडली आणि भरली: चंपावती. सासरचं नाव उमा. पती त्र्यंबक. मृत्यू १९८६. पुत्र दिगंबर. कोपऱ्यातल्या चौकटीत आपोआप आकडा आला. आबासाहेब वाकून बघत होते.

‘दोनशे अठरा,’ ते म्हणाले. जमिनीच्या हद्दीचा दगड सापडल्यावर म्हणत असतील तसं.

मग ऋग्वेदला परत भरलं. १०४६. फोनवर निखिल अजून होता.

‘आला का परत?’

‘आला. नथ काढली.’

मग १३१ उघडली. उमाच्या पुढं गोदावरी लिहिलं. आबासाहेब उठायला लागले. ‘झालं ना? प्रेसवाला बाहेर थांबलाय.’

‘एक राहिलंय,’ मी म्हटलं.

ते पुन्हा बसले. मी नवी नोंद उघडली. पिता त्र्यंबक, १३०. माता गोदावरी, १३१. लिंगाच्या रकान्यात मुलगी. नावाच्या रकान्यात काहीच नाही. सॉफ्टवेअरनं विचारलं, नावाशिवाय जतन करायचं का? या वेळी मी थोडं थांबून, नीट वाचून, हो दाबलं.

‘हिचा फॉर्म कुणी भरला?’ आबासाहेबांनी विचारलं.

‘अक्कू मावशींनी. बोलता बोलता.’

त्यांनी आपल्या रजिस्टरात शेवटच्या ओळीखाली आकडा लिहिला आणि बाहेर गेले. तिची पोच मी दिगूकाकांना पाठवली.

•

अमावास्येच्या दुपारी इचलकरंजीहून फोन आला.

‘नलिनीताई का?’

मिरजेत आल्यापासून असं विचारणारे ते पहिलेच. ‘बोला, दिगूकाका.’

‘गुरुजी अडले. म्हणाले, शास्त्राप्रमाणं सासरचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, पाणी मी सोडतोय. तर म्हणाले बरं. आईचं नाव? चंपावती. सापत्नमाता? गोदावरी. मग सगळं सरळ पुढं गेलं. या वर्षी त्यांनी मान वर करून विचारलं नाही, दोघींचं एकच का म्हणून.’

‘छान झालं.’

‘एक विचारायचं होतं. मी तिसरी ओंजळ सोडली. नाव नव्हतं, तर म्हणायचं काय? गुरुजींनाही सुचेना.’

‘मग काय म्हणालात?’

‘एक हजार सत्तेचाळीस.’

त्या वर्षीच्या दसऱ्याला पुस्तक निघालं. पुढं दोन आवृत्त्या निघाल्या, सॉफ्टवेअर बदललं, माझं दुकान बदललं. क्रमांक बदलले नाहीत. ती अट मी प्रत्येक नव्या ऑपरेटरकडून कबूल करून घेते.

ती मुलगी मे १९४१ मध्ये दोन दिवस जगली.